शरीरातल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवते?

बुद्धविहारात द्वत्तिंसाकार पाठ होतो तेव्हा आपण शरीराच्या बत्तीस भागांची नावे घेतो. त्या यादीत 'वक्क' हा शब्द येतो आणि शेवटाकडे 'मुत्त' येतो. वक्क म्हणजे मूत्रपिंड, ज्याला आपण सगळे किडनी म्हणतो. मुत्त म्हणजे लघवी. तथागतांनी शरीराकडे लाज न बाळगता, किळस न करता, जसे आहे तसे पाहायला शिकवले. आपल्या घरात मात्र लघवीचा विषय निघाला की बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष विषय बदलतात. या महिन्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. भिवंडीच्या उकाड्यात बारा बारा तास लूमवर उभे राहणाऱ्या, गोदामात माल उचलणाऱ्या, घरी बसून कांडी भरणाऱ्या माणसाने तो समजून घेतलाच पाहिजे.

शरीरात पाणी किती आणि कुठे?

साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण पस्तीस लिटर पाणी असते. बाईच्या शरीरात थोडे कमी आणि तान्ह्या बाळाच्या शरीरात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त. हे पाणी पिशवीत भरल्यासारखे एका जागी नसते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत असते. उरलेले पेशींच्या भोवती आणि रक्तात असते.

पेशीच्या आतले आणि बाहेरचे पाणी यांचा समतोल मिठावर ठरतो. काकडीची कोशिंबीर करताना मीठ घातले की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. ते पाणी काकडीच्या पेशींतून बाहेर ओढले जाते, कारण बाहेर मीठ जास्त झालेले असते. आपल्या शरीरात हेच घडते. पाणी कमी पडून रक्त खारट झाले की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसतात. उलट पाणी फार आणि मीठ फार कमी झाले तर पेशी फुगतात. मेंदूच्या पेशींना दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. चक्कर, गुंगी, बरळणे, झटके ही लक्षणे तिथूनच येतात.

म्हणून शरीराला रोज, तासातासाला हिशेब ठेवावा लागतो. घामात किती गेले, श्वासात किती गेले, पोटातून किती आले. घाम आपल्या हातात नसतो आणि श्वास थांबवता येत नाही. कमीजास्त करता येईल अशी जाण्याची एकच वाट उरते, ती लघवीची. त्या वाटेवर बसलेला हिशेबनीस म्हणजे किडनी.

मुठीएवढा अवयव, नऊ जार पाणी

किडन्या दोन असतात. पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, कण्याच्या डावी-उजवीकडे. प्रत्येकीचा आकार आपल्या मुठीएवढा आणि वजन साधारण दीडशे ग्रॅम. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. एक गाळणी आणि तिला जोडलेली लांब वाकडीतिकडी नळी, असा एक संच. डॉक्टर त्याला नेफ्रॉन म्हणतात. या नळीची भिंत एकाला एक लागून बसलेल्या पेशींची असते. चाळीत खोलीला खोली लागून असते तशी. आजच्या विषयाचे खरे कामगार या पेशी आहेत.

हृदय जेवढे रक्त फेकते त्याचा जवळपास पाचवा हिस्सा सतत किडन्यांकडे येतो. गाळणीतून रक्तातले पाणी, मीठ, साखर आणि कचरा खाली नळीत उतरतो. रक्तपेशी आणि प्रथिने वर राहतात. दिवसभरात असे किती पाणी गाळले जाते? सुमारे १८० लिटर. वस्तीत आपण विकत घेतो त्या वीस लिटरच्या जारचे नऊ जार. पण आपण नऊ जार लघवी करत नाही. दीड-दोन लिटर करतो. उरलेले सगळे पाणी नळीच्या पेशी परत रक्तात घेतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळले जाते आणि पुन्हा पुन्हा परत घेतले जाते.

हे परत घेणे तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा गाळणीच्या लगेच नंतरचा. इथल्या पेशी मीठ आणि साखर झपाट्याने परत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. गाळलेल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश इथेच परत जाते. तुम्ही लिटरभर पाणी प्यालेले असा की तहानलेले असा, हा टप्पा जवळजवळ सारखेच काम करतो.

दुसरा टप्पा लांब वळणाचा. नळी किडनीच्या आतल्या भागात खोल उतरते आणि पुन्हा वर येते. उतरताना पाणी बाहेर जाते. वर चढताना पेशी मीठ बाहेर टाकतात, पण पाणी जाऊ देत नाहीत. त्यामुळे किडनीचा आतला भाग खूप खारट होतो, रक्ताच्या चौपटीपर्यंत. हा खारटपणा मुद्दाम राखलेला असतो. पुढच्या टप्प्यात तो कामाला येतो.

तिसरा टप्पा शेवटच्या नळीचा. ही नळी त्याच खारट भागातून खाली जाते. बाहेर मीठ भरपूर, आत पाणी. काकडीच्या न्यायाने पाणी बाहेर ओढले जायला तयारच असते. प्रश्न एवढाच असतो की पेशीच्या भिंतीला दार आहे की नाही. आणि ते दार गरजेप्रमाणे उघडते किंवा बंद होते.

पाण्याची दारे आणि मेंदूची चिठ्ठी

पाणी पेशीच्या भिंतीतून आपोआप झिरपते, असे शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ वाटत होते. पण काही पेशींतून ते इतक्या वेगाने जाते की नुसत्या झिरपण्याने ते शक्य नाही, असेही दिसत होते. अमेरिकेतील पीटर अग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुमारास रक्ताच्या लाल पेशींवर काम करताना दाखवून दिले की भिंतीत पाण्यासाठी वेगळी दारे असतात. त्यांना ॲक्वापोरिन असे नाव मिळाले. या शोधासाठी अग्रे यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे दार इतके अरुंद आहे की त्यातून पाण्याचे कण एकामागे एक रांगेतच जातात, पण एका सेकंदात असे अब्जावधी कण पार होतात. मीठ मात्र त्यातून जाऊ शकत नाही.

किडनीच्या शेवटच्या नळीतल्या पेशींकडे याच जातीची दारे असतात. पण ती कायम भिंतीत बसवलेली नसतात. पेशी ती आत छोट्या पिशव्यांत सांभाळून ठेवते. निरोप आला की पिशव्या भिंतीला चिकटतात आणि दारे भिंतीत बसतात. पाणी परत घेतले जाते. निरोप थांबला की पेशी दारे पुन्हा आत ओढून घेते.

हा निरोप मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत मोजत असतात. खारटपणा शेकडा एक-दोन इतका जरी वाढला तरी त्यांना कळते. लगेच त्या रक्तात एक रस सोडतात. त्याचे नाव व्हॅसोप्रेसिन. त्यालाच एडीएच असेही म्हणतात, म्हणजे लघवी कमी करणारा रस. ही चिठ्ठी रक्तातून किडनीच्या पेशीपर्यंत पोहोचते, दारे उघडतात, पाणी रक्तात परत येते, आणि लघवी थोडी व गडद होते. भरपूर पाणी प्यालात तर रक्त पातळ होते, चिठ्ठी थांबते, दारे आत जातात, आणि लघवी भरपूर व फिकट होते.

वस्तीत पाणी सोडणारा चावीवाला जसा आदेशाप्रमाणे चावी फिरवतो, तशी ही पेशी वागते. फरक इतकाच की चावीवाल्याची वाट पाहत आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागतो. शरीराचा चावीवाला मात्र काही मिनिटांत कामाला लागतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही चिठ्ठी तहान लागण्याच्या आधी निघते. म्हणजे आपल्याला तहान जाणवते तेव्हा किडनीने पाणी वाचवायला सुरुवात करून बराच वेळ झालेला असतो. उन्हात किंवा उकाड्यात काम करणाऱ्याने तहानेची वाट पाहू नये, असे आम्ही सांगतो ते या कारणाने.

रक्तदाब उतरला किंवा रक्तातले मीठपाणी कमी झाले तर दुसरी व्यवस्था जागी होते. गाळणीशेजारच्या काही पेशी रेनिन नावाचा रस सोडतात. त्यातून पुढे किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीला निरोप जातो आणि ती मीठ वाचवायला लावते. मिठामागून पाणी येते. म्हणूनच किडनी आणि ब्लडप्रेशर यांचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते. किडनी बिघडली की बीपी वाढते आणि बीपी वाढलेले राहिले की किडनी बिघडते.

किडनीच्याही मर्यादा आहेत

कितीही पाणी वाचवायचे ठरवले तरी दिवसाला साधारण अर्धा लिटर लघवी झालीच पाहिजे. नाही तर शरीरातला कचरा बाहेर जाणार कसा? पाणी न पिता किडनी ओढूनताणून काम करते, पण पाणी निर्माण करू शकत नाही.

आता यंत्रमाग कारखान्याकडे या. धागा तुटू नये म्हणून तिथे हवेत ओलावा ठेवला जातो आणि वारा नको असतो. वर पत्रे, बाजूला चालू यंत्रांची उष्णता. कोकणपट्टीची हवा आधीच दमट. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. त्यामुळे शरीर आणखी घाम सोडते. अशा जड कामात तासाला लिटरभर पाणी घामातून जाऊ शकते. बारा तासांच्या पाळीत दोन-तीन ग्लास पाणी आणि चार कटिंग चहा यांवर राहणाऱ्या माणसाच्या किडनीला दिवसभर एकच चिठ्ठी येत राहते : वाचव, वाचव, वाचव.

एखाद्या दिवशी हे सोसते. रोज झाले तर काय? लघवी सतत घट्ट राहिली की तिच्यातले क्षार तळाला बसतात आणि खडे होतात. किडनीकडे जाणारे रक्त कमी झाले की नळीच्या पेशी उपाशी राहतात. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा इथल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह नसताना, बीपी नसताना, तरुण वयात किडनी निकामी होण्याचा आजार पसरला. उन्हातले कष्ट आणि पुन्हा पुन्हा पाणी कमी पडणे याकडे तिथल्या डॉक्टरांनी बोट दाखवले आहे. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात शेतकरी-मजुरांत असाच आजार आहे. कष्टकऱ्याची किडनी हा कष्टाच्या जागेचाही प्रश्न आहे, हे यातून शिकायचे.

बायका पाणी का पीत नाहीत?

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आम्ही बायकांना विचारतो, दिवसभरात पाणी किती पिता? उत्तर बहुतेक एकच असते : "ताई, पाणी प्यायलं तर जायचं कुठं?"

कारखान्यात बाईसाठी वेगळे शौचालय नाही. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाला कडी नाही, दिवा नाही, रात्री जायची भीती. म्हणून बाई सकाळपासून पाणी तोडते. मेंदू चिठ्ठ्या पाठवतो, किडनी दारे उघडून थेंब थेंब वाचवते. त्यात जी थोडी लघवी होते तीही बाई तासन् तास अडवून धरते. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ, वारंवार थेंब थेंब, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. हा संसर्ग वर चढला तर किडनीपर्यंत जातो. गरोदर बाईला तो जास्त धोक्याचा आहे, कारण त्याने दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते.

याला 'बायकांचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नका. हा सोयीचा आणि हक्काचा प्रश्न आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ बायकांनी याच मुद्द्यावर चालवली. पाणी पिण्याचा हक्क आपण २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागे उभे राहून बजावला. प्यालेले पाणी सन्मानाने बाहेर टाकण्याची जागा हा त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे.

दोन सवयी ज्या पेशींना मारतात

पहिली, अंगदुखीच्या गोळ्या. बारा तास उभे राहून कंबर धरते, पाय भरून येतात. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली की बरे वाटते. पण शरीरात पाणी कमी असते तेव्हा किडनी आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी मोठ्या प्रयत्नाने उघडी ठेवते. या गोळ्या नेमका तोच प्रयत्न मोडतात. घामाने निथळलेला माणूस आणि त्यात रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी, ही किडनीसाठी फार वाईट जोडी आहे. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरला दाखवा. आधी पाणी प्या, खा, पाठ टेका.

दुसरी, दारू. दारू मेंदूची ती चिठ्ठीच अडवते. शरीरात पाणी कमी असूनही किडनीच्या पेशी दारे बंद करतात आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. दिवसभर घाम गाळून रात्री प्यायला बसणारा माणूस सकाळी डोके धरून उठतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पंचशीलातले पाचवे शील किडनीच्या दृष्टीनेही पक्के आहे.

मधुमेह, बीपी आणि मीठ

किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. रक्तात साखर फार झाली की नळीच्या पहिल्या टप्प्यातल्या पेशींना ती सगळी परत घेता येत नाही. उरलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून मधुमेहात लघवी जास्त आणि तहानही जास्त. रात्री तीन-चार वेळा उठावे लागत असेल तर साखर तपासा. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. आज साखर मोजायला काही मिनिटे लागतात आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. मग दुर्लक्ष कशासाठी?

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चमचा, तोही भाजी, भाकरी, पापड, लोणचे, सुकट-बोंबील, फरसाण सगळे मिळून. घाम गाळणाऱ्याला मीठ लागते हे खरे, पण ते जेवणातून बहुधा मिळून जाते. ज्यांना बीपी आहे त्यांनी 'घाम येतो' म्हणून वरून मीठ घेऊ नये.

तान्हे बाळ आणि म्हातारी माणसे

तान्ह्या बाळाची किडनी पाणी वाचवण्यात मोठ्या माणसाच्या निम्म्यानेही तरबेज नसते. म्हणून जुलाब-उलटीत बाळ काही तासांत सुकते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्या. उन्हाळ्यातही वरून पाणी नको, दुधातच पुरेसे पाणी असते. आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यायला हवे.

म्हाताऱ्या माणसांची तहानच मंदावते आणि किडनीही चिठ्ठीला पूर्वीसारखी दाद देत नाही. आजी 'मला तहान नाही' म्हणते म्हणून थांबू नका. दर थोड्या वेळाने तिच्या हातात तांब्या द्या.

जुलाब झाले तर

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, अशी शिकवण त्यांनी संघाला दिली. घरात जुलाब लागलेले लेकरू असेल तेव्हा ही शिकवण आठवा. त्याला लागते ते पाणी, मीठ आणि साखर.

आतड्याच्या पेशी साखर आणि मीठ जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. ओआरएस याच तत्त्वावर चालते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालच्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ओआरएसचे पाकीट आशाताईकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळते. लिटरचे पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या पाण्यात घातले तर ते जास्त खारट होते आणि बाळाचे नुकसान होते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांत संपवा, उरलेले फेकून द्या. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. मुलाला झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा. आईचे दूध आणि जेवण बंद करू नका.

बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याला जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

मग पाच-सहा लिटर पाणी प्यावे का?

मोबाइलवर येणाऱ्या सल्ल्यांत 'किडनी धुऊन काढा' असे सांगतात. किडनी स्वतःच रोज १८० लिटर गाळते, तिला धुवायची गरज नसते. तासाभरात तीन-चार लिटर पाणी ढोसले तर किडनीला तेवढे बाहेर टाकता येत नाही. रक्तातले मीठ पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग इथेही लागू पडतो.

साध्या दिवशी सावलीत बसणाऱ्याला दोन ते अडीच लिटर पुरते. उकाड्यात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यावा. सकाळी कामावर जाण्याआधी दोन पेले. पाळी लांब असेल तर मध्ये ताक, लिंबू सरबत किंवा पेज घ्यावी. ज्यांना हृदयाचा आजार आहे, ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी डॉक्टरने ठरवून दिलेल्या मापानेच पाणी प्यावे. त्यांच्यासाठी हा पेल्यांचा हिशेब नाही.

भीमजयंतीच्या मिरवणुका आपल्याकडे ऐन एप्रिलात निघतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या जनसमुदायातले १४ जण उष्माघाताने गेले. मंडळांनी डीजेच्या खर्चातून थोडे काढून दर चौकात सावली आणि पाणी ठेवावे. मिरवणूक संध्याकाळी काढावी. लहान मुले आणि वृद्धांना दुपारी उभे करू नये.

लघवीचा रंग वाचायला शिका

- फिकट पिवळी, भाताच्या पेजेपेक्षा थोडी रंगीत : पाणी पुरेसे आहे.
- गडद पिवळी, थोडी, वास येणारी : पाणी कमी आहे, लगेच प्या.
- काळ्या चहासारखी किंवा लाल : दवाखान्यात जा.
- फेस येतो आणि तो बराच वेळ टिकतो : लघवीतून प्रथिने जात असतील, तपासणी करा.

एक अपवाद. टीबीच्या औषधांनी लघवी नारिंगी-लाल होते. तो औषधाचा रंग आहे. घाबरून गोळ्या बंद करू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही लघवी भडक पिवळी होते.

दवाखाना गाठायची लक्षणे : बाळाने सहा-आठ तासांत लघवी न करणे, टाळू आणि डोळे खोल जाणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू खाली बसणे. मोठ्या माणसात सकाळी तोंड सुजणे, पायांवर सूज, लघवी फार कमी होणे, सतत मळमळ, उकाड्यात काम करताना घाम थांबून बरळायला लागणे. शेवटचे लक्षण उष्माघाताचे आहे. त्या माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तपासणी आणि योजना

किडनी फार सोशीक आहे. बरीच बिघडेपर्यंत ती तक्रार करत नाही. म्हणून मधुमेह किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात : रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन. आपल्या गावात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत. तिथे जाऊन विचारा. कोणावर डायलिसिसची वेळ आलीच तर तो उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी घर गहाण टाकण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी हे करा. झाडपाल्याने किडनी 'नवी' करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. काही वनस्पती आणि भस्मे किडनीलाच मारतात.

पाण्याचा पेला हा हक्क आहे

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाने कायद्याची दुरुस्ती मांडली. १९४६ च्या त्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्यासाठी कलम १८ आणि शौचालय-मुतारीसाठी कलम १९ घातले गेले. पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना समजेल अशा भाषेत लिहून दाखवावी आणि ती मुतारीपासून दूर असावी, इतके बारीक त्यात लिहिले होते. हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की कामगाराचे शरीर यंत्र नाही.

आज आपल्या गावातल्या किती लूमवर बारा तासांची पाळी चालते, हे वाचकांना सांगायला नको. एकेकटा कामगार मालकाला विचारायला घाबरतो. पाच-दहा जणांनी मिळून विचारले तर पाण्याचा माठ नक्की येतो. त्यानंतर शौचालयाची कडी आणि दिवा मागा. वस्तीतल्या महिला मंडळांनी आणि विहाराच्या समितीने आपल्या वॉर्डातल्या शौचालयांची यादी करावी. कोणते बंद आहे, कुठे पाणी नाही, कुठे दिवा नाही, हे लिहून महापालिकेत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आरोग्याच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

भिंतीवर लावायला

१. तहानेची वाट पाहू नका. उकाड्यात दर १५-२० मिनिटांनी एक पेला.
२. लघवी अडवू नका.
३. रिकाम्या पोटी, घामात, दुखण्याची गोळी नको.
४. जुलाबात ओआरएस, पूर्ण लिटर पाण्यात.
५. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध.
६. साखर आणि बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासणी.
७. दारू नको, मीठ बेताने.

या पानाचे वाचन येत्या पौर्णिमेला विहारात मोठ्याने करावे, विशेषतः ज्या माता-भगिनींना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. ऐकणाऱ्यांनी घरी जाऊन आपल्या लूमवर जाणाऱ्या माणसाच्या डब्याबरोबर दोन लिटरची पाण्याची बाटली भरून द्यावी.

नमो बुद्धाय! जयभीम!